स्टेपनीची जागा

“स्टेपनी पाठीमागं लावायची म्हंजे बाईसाहेब, माणसानं टोपी ढुंगणाला बांधल्यागत झालं,” चौगुलेमामा म्हणाले, आणि माझ्यासमोर असं बोलून गेल्याचं ध्यानात येताच जीभ चावून त्यांनी डोक्यावरची खाकी टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

दस्तगीर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून पोट धरून हसले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींच्या वर्कशॉपसमोर आमची जीप उभी होती आणि तिच्याभोवती आम्ही तिघं. शहाऐंशी सालचा जानेवारी. मी सव्वीस वर्षांची. दूध संघाची जनावरांची डॉक्टर म्हणून राधानगरीकडच्या डोंगरात, कोनाळवाडीच्या उपकेंद्रात, मला सात महिने झाले होते. सखाराम चौगुले माझे ड्रायव्हर. फौजेत सतरा वर्षं गाड्या चालवून आलेले, सहा फूट उंच, पन्नाशी ओलांडलेले. त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायची.

जीप जुनी होती आणि तिची स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, बॉनेटवर आडवं बसवलेलं होतं. फौजेत असंच असतं, असं मामांचं म्हणणं. असेल. पण माझी उंची चार फूट दहा इंच. शेजारच्या सीटवर बसलं की मला समोर काळा टायर दिसायचा आणि टायरच्या वर आभाळ. रस्ता सात महिन्यांत मी कधी पाहिलाच नव्हता. वळण आलं की पोटात कळायचं.

“मग बाजूला लावा,” मी मिस्त्रींना म्हटलं.

“लावतो की. पण तुमच्याकडं वाट जीपएवढीच. करवंदीची जाळी सोलून निघंल, न्हाईतर स्टेपनी.”

“खाली?”

“पहिल्याच वढ्यात धोंड्यावर टेकून बसशीला.”

“टपावर?”

“टप ताडपत्रीचा हाय, बाई.” त्यांनी जीपला एक फेरी मारली. “आत ठेवली तर औषधाची पेटी मांडीवर घ्यावी लागंल. म्हंजे राहिलं पाठीमागचं अंग.”

“पाठीमागं वजन गेलं की चढाला नाक हलकं हुतं,” मामा म्हणाले. “आनि मागचा फळका उघडायचा कसा? जनावराला सलाईन लावायचं सोडून आधी स्टेपनी उतरत बसायची व्हय?”

“फाटकासारखी करतो,” मिस्त्री म्हणाले. “ह्या कोपऱ्यात बिजागरी, त्या कोपऱ्यात खटका. स्टेपनी बाजूला फिरवली की फळका मोकळा. झालं?”

“झालं,” मी म्हटलं. “करा.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी मी त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. ते म्हणतील त्या वेळी निघायचं, ते म्हणतील तिथं चहा. मला सांगलीला वडिलांची मोटार चालवायची सवय होती, लायसन होतं, पण जीपच्या स्टिअरिंगच्या चाकाला त्यांनी मला एकदाही हात लावू दिला नव्हता. “डोंगर हाय हा, सांगलीचा रस्ता न्हवं,” एवढ्यावर विषय संपायचा. खरं सांगायचं तर रस्ता दिसण्यापेक्षा मला ते चाक हवं होतं. समोरचा टायर हलल्याशिवाय माझ्या उंचीला गाडी चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून मी कामाच्या कागदावर सही करून मोकळी झाले.

मिस्त्रींनी नट सोडायला घेतले तेव्हा मामा पुढं झाले. स्टेपनीच्या डाव्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा बोटभर रुंद पट्टा होता. दर दसऱ्याला मामा तो नव्यानं रंगवायचे. खिशातला रुमाल काढून त्यांनी तो पट्टा पुसला. मला वाटलं, फौजी माणूस, असतात अशा सवयी.

संध्याकाळी परत येताना मामा एका एसटीच्या मागं मागं इतक्या हळू चालवत होते की सायकली आमच्या पुढं गेल्या. मला मात्र पहिल्यांदा रस्ता दिसत होता. उसाच्या गाड्या, झाडं, मैलाचे दगड, सगळं समोरून येत होतं आणि मी लहान पोरीसारखी बघत होते.

“कसं वाटतंय मामा?”

“नाक कापल्यागत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वरच्या धनगरवाड्यावरचा बिरू झोरे धापा टाकत उपकेंद्रात आला. त्याच्या भावजयीची, ठकूबाईची म्हैस पहाटेपासून अडली होती. कळा येत होत्या, पण काही दिसत नव्हतं.

“किती वेळ झाला?”

“कोंबडा आरवायच्या टायमाला सुरू झालंय बगा. आता उठंना झालीया. वैनी नुसती रडायलीय.”

ठकूबाईची ती एकच म्हैस. नवरा गेल्यावर तिच्या दुधावरच त्या बाईनं दोन लेकी सांभाळल्या होत्या. मी बिरूला म्हटलं, “तू पाऊलवाटेनं पुढं जा. पाणी तापव, चार माणसं गोळा कर, एक लांब फळी आणि दोर काढून ठेव. आम्ही गाडीनं आलोच.”

मामा अंगणात जीपला टेकून उभे होते. “उन्हं चढल्यात,” ते म्हणाले. “पहाटेचं गेलो असतो तर बरं झालं असतं.”

“म्हैस आपल्याला विचारून अडते का, मामा?”

ते चाकावर बसले.

धनगरवाड्याची वाट म्हणजे डोंगराच्या कुशीत खोदलेला जीपएवढा रुंद ओरखडा. उजव्या हाताला दरड, डाव्या हाताला, म्हणजे माझ्या बाजूला, दरी. त्या वाटेनं मी वीस-पंचवीस वेळा गेले असेन, पण डोळ्यांनी ती आज पहिल्यांदाच बघत होते. आधी वाटलं, आपण पहिल्यांदा बघतोय म्हणून भीती वाटतेय. मग जाणवलं की तसं नाही. मामा एकदा दरडीला इतके चिकटून जात की मडगार्ड खरवडायचं, आणि एकदा एवढे बाहेर की माझ्या खालचे दगड सुटून गडगडत जायचे. ऊन समोरून होतं. मामांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती आणि मान पुढं काढून ते काचेला नाक लावायच्या बेतात होते.

“मामा, उजवीकडं घ्या जरा.”

“ठावं हाय मला.”

“मामा, उजवीकडं!”

“बाईसाहेब, ह्या वाटंनं मी...”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. कड ढासळली. माझ्या पायाखालचा कोपरा एकदम खाली गेला, जीप तिरकी झाली, आणि डावं पुढचं चाक हवेत लटकलं. मामांनी ब्रेक दाबला, हातातला ब्रेक ओढला. इंजिन बंद पडलं. दगड खाली जाण्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला.

“हलू नका,” मामा हळूच म्हणाले. “आधी मी उतरतो, मग माझा हात धरून ह्या बाजूनं या.”

मी त्यांच्या सीटवरून सरपटत उजवीकडून बाहेर पडले. मामा बॉनेटला हात लावत लावत पुढं गेले. ते वाकून चाकाकडं बघत नव्हते. बुटाच्या टोकानं जमीन चाचपत होते. आंधळा माणूस उंबरा शोधतो तशी.

“मामा, मागं या. माझ्याकडं या.”

ते आले.

“मामा, माझ्या हाताची किती बोटं दिसतात?”

“तीन,” ते ठामपणे म्हणाले.

मी अजून हात वर केलाच नव्हता.

आणि मग काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. भीतीनंच फुटलं असेल, पण आवरेना. मामांनी आधी रागानं पाहिलं, मग त्यांच्याही मिशा हलायला लागल्या. आम्ही त्या लटकलेल्या जीपशेजारी उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्यांचं पाणी मात्र हसणं थांबल्यावरही थांबलं नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली. उजव्याचं तर गेलंच हाय म्हना. डाव्यानं धुकट दिसतं. उन्हात कायच दिसत न्हाई, नुसतं पांढरं.”

“मोतीबिंदू आहे तो, मामा. काढता येतो.”

“थोरल्या भावाचा काढला हुता. डोळाच गेला त्येचा.” ते दगडावर बसले. “आनि तुमच्या हापिसात कळलं तर स्टुलावर बसवतील मला. चहा आना, फायली न्या. सतरा वर्षं बर्फात गाडी चालवलीया मी, बाईसाहेब.”

“आणि दोन वर्षं इथं न दिसता?”

“दिसायचं की. स्टेपनी दिसायची.” त्यांनी मान वर केली. “पांढरा पट्टा हुता न्हवं? जवळचा हुता, म्हून दिसायचा. तो पट्टा आनि वाटंची कड, दोन्ही एका रेघंत धरली की चाक कडंपासनं वीतभर आत. कड धुकट दिसली तरी भागायचं. बाकी वाट पाठ हाय मला. तुम्ही स्टेपनी काढली आनि माझं नाकच गेलं बगा.”

मी त्यांना एका टायरपायी रुसून बसलेला फौजी समजत होते, आणि हा माणूस त्या टायरला धरून सात महिने मला दरीच्या कडेनं फिरवत होता. राग यायला हवा होता. आलाही. पण वर म्हैस अडली होती आणि आमची जीप तीन चाकांवर उभी होती.

“गाडी निघेल का?” मी विचारलं.

मामांचा चेहरा पालटला. हा त्यांचा विषय होता. “निघंल. चारी चाकं इंजिनाला जोडायची, बारका गिअर, रिव्हर्स. पाठीमागं वजन पायजे.” ते चाचपत जीपच्या मागं गेले आणि स्टेपनीवर हात ठेवून थांबले. “हिच्या वजनानंच तोलून राहिलीया बहुतेक. पुढं असती तर गेलोच हुतो आपण.” मग घाईनं म्हणाले, “हे मिस्त्रीला सांगू नका.”

“मग चालवणार कोण?”

“आता हितं तुमच्या-माझ्याशिवाय कोन हाय? मी मागं उजव्या कोपऱ्याला लटकतो. तेवढंच वजन.”

“आणि गाडी गेली तर?”

“तर मीबी जाईन. तवा जपून.”

औषधाच्या पेटीवरचं पोतं घडी करून मी सीटवर ठेवलं आणि चाकावर बसले. पाय पेडलला पोचत होते, नजर बॉनेटच्या पलीकडं जात होती. जीपचं नाक उघडंबोडकं समोर होतं आणि त्याच्या पुढं निळी हवा. मागून मामांचा फौजी आवाज आला.

“लहान दांडा खाली! मोठा दांडा रिव्हर्सला! क्लच सावकाश सोडायचा, बाईसाहेब, आंडं धरल्यागत! हातातला ब्रेक मी म्हनल्यावर सोडायचा. सोडा!”

जीप थरथरली. मागची चाकं माती उडवत एका जागी फिरली. मग उजव्या पुढच्या चाकानं कुठं तरी दगड पकडला. गाडी वीतभर मागं आली. पुन्हा वीतभर. खाडकन आवाज करून लटकलेलं चाक वाटेवर आदळलं आणि मी ब्रेकवर उभीच राहिले.

“आलं का?” मामांनी विचारलं.

“आलं, मामा.”

“मग थांबलाय कशापायी? म्हैस वाट बघालीया.”

ते शेजारी येऊन बसले आणि पुढचा सारा चढ आम्ही दोघांनी मिळून चालवला. डोळे माझे, वाट त्यांची. डोळे मिटून ते सांगायचे, “आता हिरड्याचं झाड यील. त्याच्या म्होरं खड्डा हाय, डाव्या अंगानं घ्या. आता धोंडा, त्यो मधी घेऊ नका, पोटाला लागतो. आता वढा, थांबू नका, थांबू नका, ग्यास सोडू नका!” एकही झाड चुकलं नाही, एकही दगड. ओढा पार झाला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या डोंगरातून उत्तर आलं.

धनगरवाड्यावर म्हैस आडवी पडून होती. ठकूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी साबण लावून हात घातला. दोन-तीन बोटांपुढं जाईना. आतली वाट उजवीकडं पिळून मळसूत्रासारखी झाली होती.

“गर्भपिशवीला पीळ पडलाय,” मी म्हटलं. “म्हशीला लोळवावं लागेल. पीळ पडलाय त्याच अंगाला, झटक्यानं. पिशवी जागच्या जागी राहील आणि म्हैस तिच्याभोवती फिरेल.”

ठकूबाई माझ्याकडं बघतच राहिली. “अगं बाई, आदीच ती मराय टेकलीया आनि तुम्ही कोलांट्या घालताय व्हय?”

“ठकूबाई, एवढं ऐका माझं.”

म्हशीला उजव्या कुशीवर घेतलं. पाय बांधले. पोटावर फळी टेकवून बिरू तिच्या टोकाला उभा राहिला. दोराला चार माणसं लागली, पण प्रत्येक जण आपापल्या वेळेला ओढत होता आणि म्हैस अर्ध्यातच अडत होती. तेव्हा मामांनी दोर हातात घेतला.

“माझ्या आवाजावर! एक म्हनलं की दोर ताना, दोन म्हनलं की ओढा. एक... दोन!”

पहिल्यांदा नाही सुटला पीळ. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा म्हैस पुरी फिरली आणि माझा हात कोपरापर्यंत आत गेला. रेडकाचा खूर हाताला लागला आणि मी ओरडले, “सुटला! मामा, सुटला!”

अर्ध्या तासानं रेडकू बाहेर आलं. ओलंकिच्च, काळंभोर, आणि हालचाल नाही. मी नाकातोंडातला चिकटा काढला. मामांनी मागचे पाय धरून त्याला उलटं उचललं. बिरू पेंढ्यानं अंग चोळत होता. कुणीच बोलत नव्हतं.

“जित्तं हाय का?” मामांनी विचारलं. सगळ्यांना दिसत होतं, त्यांनाच दिसत नव्हतं. “आरं सांगा की कुनीतरी!”

रेडकू त्यांच्या मांडीवर सणसणीत शिंकलं.

ठकूबाई रडता रडता हसली. रेडी होती, म्हणजे मादी. वाड्यावरच्या बायकांनी मला हळदकुंकू लावलं आणि काळा, कडक, गुळाचा चहा दिला. चहा पिताना मी मामांना म्हटलं, “उद्या मिरजेच्या दवाखान्याला जायचं. मी येते बरोबर. ऑपरेशन होईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही.”

“आनि हापिसात?”

“रजेचा अर्ज मी लिहिते. डोळे दाखवायला, असं लिहिते. ते खरंच आहे. नीट दिसायला लागलं तर गाडी तुमची. नाही लागलं तर मी स्वतः साहेबांना सांगेन, मामा. लपवणार नाही.”

मामांनी कप खाली ठेवला. “भाऊ आपरेशनला गेला हुता तवाबी असंच म्हनलं हुतं सगळ्यांनी. काय हुत न्हाई म्हून.”

ठकूबाई मध्येच म्हणाली, “ह्या पोरीनं माझी म्हस तीनदा लोळीवली, ती भ्याली न्हाई. तुमी एवढं मिशावालं गडी, बारक्या सुईला भेता व्हय?”

वाड्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. मामांचे कान लाल झाले. “जाऊ की उद्या,” ते म्हणाले. “कोन भेतंय?”

ऑपरेशन नीट झालं. आधी डावा डोळा, मग महिनाभरानं उजवा. एप्रिल संपता संपता मामा जाडजूड भिंगांचा चष्मा लावून कोनाळवाडीला हजर झाले. चष्म्यामागं त्यांचे डोळे लिंबाएवढे दिसायचे. दवाखान्याचा दाखला त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरंसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवली, न विचारता. जीपला तीन प्रदक्षिणा घातल्या. मिस्त्रींचा खटका उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिला आणि “काम बरं केलंय म्हना,” असं म्हणाले.

“चला बाईसाहेब, धनगरवाड्याला जाऊ. आज मी चालवतो.”

“चालवा, मामा. गाडी तुमचीच आहे.”

मी डावीकडं बसले. तीन महिने मीच चालवत होते. मागं वजन असल्यानं चढाला नाक हलकं होतं हेही मला कळलं होतं, आणि त्याला काय करायचं हेही. मामा मजेत होते. वाटेत दिसेल त्याला नावानं हाक मारत होते. “ही बघा कुंभ्याची झाडं! तिकडं बघा, घार! बाईसाहेब, तुम्ही एवढ्या बारक्या हायसा ह्ये मला ठावंच न्हवतं!”

डोंगर लागला. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. जिथं आमचं चाक लटकलं होतं त्या वळणाच्या अलीकडं मामांनी गाडी हळू केली. मग थांबवली. हातातला ब्रेक ओढला आणि खाली उतरून कडेपाशी गेले. चष्मा सारखा करून त्यांनी खाली पाहिलं. पार तळाला ओढा सुतासारखा दिसत होता आणि त्याच्याकाठी मुंग्यांएवढी गुरं चरत होती.

चष्मा काढून त्यांनी एकदा पुसला आणि पुन्हा खाली पाहिलं.

“ही दरी कवापास्नं हाय हितं?”

“पहिल्यापासून, मामा.”

“आनि मी हितनं...?”

“दर आठवड्याला.”

मामा मागं मागं सरकत जीपपर्यंत आले. तांब्यातलं पाणी प्यायले. मग माझ्या बाजूला येऊन म्हणाले, “सरका तिकडं.”

“अहो पण मामा, आता तर तुम्हाला दिसतं.”

“म्हून तर म्हनतो. सरका. सपाटीला मी, डोंगरात तुम्ही.”

मामा निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं तोच कायदा राहिला, आणि त्यानंतरची तेरा वर्षं त्या डोंगरात माझी गाडी मीच चालवली. कोल्हापूरला, राधानगरीला, साहेबांच्या पुढं ते अगदी ऐटीत जीप न्यायचे. डोंगराच्या पायथ्याशी आले की न सांगता उतरून डावीकडं यायचे. ते वळण जवळ आलं की चष्मा काढून नीट पुसायचे, मांडीवर धरून ठेवायचे, आणि वळण मागं पडलं असं मी सांगितल्याशिवाय पुन्हा घालायचे नाहीत.